सेवकांचा योगक्षेम

पुण्यपत्तनांत सार्वजनिक संस्थांस तोटा नाहीं आणि त्यांस दान देणारीं घरेंही थोडीं नाहींत. परंतु दान देतांना एक अट हटकून ऐकूं येते : "आमचा पैसा रुग्णांकडे जावा, पगारांत जाऊं नये." वरवर पाहतां ही अट सात्त्विक दिसते. मनाच्या व्याधींवर काम करणाऱ्या संस्थांच्या बाबतींत मात्र ती घातक आहे, असें आम्हांस वाटतें.

कारण उघड आहे. नेत्रालयास यंत्रें लागतात, पाठशाळेस इमारत लागते. येथें माणूस हेंच मुख्य साधन. औषध डॉक्टर लिहून देतात. पण रुग्ण तें घेतो कीं नाहीं हें पाहणें, त्याच्या आईस धीर देणें, वस्तींत जाऊन तासन् तास दुसऱ्याचें दुःख ऐकणें, हें कार्यकर्त्याचें काम. एकत्र कुटुंबांत एका रुग्णाची शुश्रूषा चौघे वांटून घेतात. कार्यकर्त्याच्या एकट्याच्या माथीं अशीं अनेक घरें असतात.

येरवड्याचें मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्र पाहा. १९८६ सालीं डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्यानें, तें येथील मनोरुग्णालयाच्या आवारांत सुरू केलें. तेथील बरेच कार्यकर्ते पूर्वीं स्वतः व्यसनांत सांपडलेले व त्यांतून बाहेर आलेले. नव्या रुग्णास त्यांचा शब्द पटतो, कारण तो अनुभवाचा असतो. पण असा कार्यकर्ता कोठेंही अतिश्रमानें खचला, तर धोका केवळ कामास नव्हे, त्याच्या स्वतःच्या मुक्ततेसही असतो.

न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यांत काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनीं १९७४ सालीं 'बर्नआउट' या अवस्थेवर लेख लिहिला. आंतून जळून रितें होणें, असा त्याचा अर्थ. ही अवस्था त्यांना आळशी नोकरांत नव्हे, तळमळीच्या सेवकांतच दिसली. २०१९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या रोगसूचींत तिची नोंद घेतली. पण रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणाचें नीट नियमन न झाल्याचा परिणाम म्हणून.

त्याग हा पुण्याचा जुना बाणा खरा. १८८४ सालीं स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनीं अल्प वेतनावर आयुष्य वेंचिलें. पण त्याच संस्थेंत वेतन व बाहेरची मिळकत यांवरून वाद विकोपास गेला आणि १८९० सालीं टिळक बाहेर पडले. टिळक-आगरकरांना जो प्रश्न केवळ सद्भावनेनें सुटला नाहीं, तो आज नवख्या मुलामुलींनीं मुकाट्यानें सोसून सोडवावा काय? स्वतः पत्करलेला तो त्याग. दुसऱ्यावर लादलेली ती पिळवणूक.

चालकांनीं करावयाचें अवघड नाहीं. वेतन ठरल्या दिवशीं द्यावें. कामाची मर्यादा व सुटी लेखी असावी. अनुभवी ज्येष्ठाजवळ मन मोकळें करण्याची नियमित बैठक असावी. आणि तक्रार ऐकणारा असा असावा, कीं ज्याच्या हातीं तक्रारदाराची नोकरी नाहीं. रुग्णास "बोला" म्हणणाऱ्या संस्थेंत सेवकासच बोलण्याची भीति वाटावी, याहून मोठी विसंगति कोणती?

योग म्हणजे नसलेलें मिळविणें आणि क्षेम म्हणजे मिळालेलें राखणें. चांगला सेवक मिळणें हा योग. तो टिकविणें हा क्षेम. वाचकहो, पुढील देणगी पाठवितांना नांवाची पाटी कोठें लागेल हें विचारूं नका. "आपले सेवक किती वर्षें टिकतात?" एवढेंच विचारा आणि देणगींतील कांहीं भाग त्यांच्या वेतनासाठीं म्हणून आवर्जून लिहून द्या.