देहातली परांची

घर बांधताना गवंडी आधी परांची बांधतो. भिंती उभ्या राहिल्या, गिलावा झाला, की बांबू उतरतात. वास्तुशांतीला जेवायला आलेल्या पाहुण्यांना त्यांची आठवणही होत नाही. आमच्या वाशीमला काय नि मुंबईला काय, रीत तीच. अशी परांची माणसाच्या देहात बांधता आली तर?

गरज जुनीच आहे. फुलबाजीने बोट नुसते पोळले तर चार दिवसांत बरे होते, कारण वरचेच कातडे दुखावलेले असते. भाजणे खोल गेले म्हणजे मात्र आतली त्वचा पुन्हा उगवत नाही. जखम आक्रसते, व्रण आखडतो, आणि एखाद्या लेकराची बोटे वाकडीच राहतात.

यावर अमेरिकेत जॉन बर्क हे शल्यविशारद आणि ग्रीसमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ आयोनिस यानास यांनी १९८१ साली उपाय जगापुढे मांडला. गाईपासून मिळणारे कोलॅजन हे प्रथिन आणि शार्क माशाच्या कूर्चेतील एक द्रव्य यांचे स्पंजासारखे पटल त्यांनी केले. वर सिलिकोनचा पापुद्रा. जखम लवकर मिटावी, एवढीच मूळ अपेक्षा. झाले उलटेच! जखमेचे आक्रसणे लांबले. पण छिद्रांतून रोग्याच्याच पेशी नि रक्तवाहिन्या शिरल्या, नवी आतली त्वचा घडली आणि पटल आपोआप विरून गेले. मग सिलिकोन काढून रोग्याचीच पातळ कातडी वर बसवायची. केस आणि घामाच्या ग्रंथी मात्र परत येत नाहीत.

हाडासाठी असाच प्रयत्न आपल्या पुण्यातही झाला. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. अनुया निसळ व सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात रेशमातील फायब्रॉइन या प्रथिनाचे बारीक कण एकमेकांना जोडून सच्छिद्र ठोकळा केला. बुंदीच्या लाडवात कळ्यांमध्ये फटी राहतात ना, तशाच येथेही राहतात. त्यांत हाडाच्या पेशींनी बिऱ्हाड करायचे! रेशीम दमादमाने विरते, आणि हाडाला हवा असतो तो वेळच.

सारी मेख आहे ती येथे. परांची लवकर उतरली तर भिंत ढासळते. उतरलीच नाही तर घरात अडचण. भिंत मात्र देहानेच बांधायची असते.

आणि वाचकहो, अशी परांची लागूच नये हे उत्तम. मुले फटाके उडवतील तेथे पाण्याची बादली ठेवा. भाजलेच, तर बर्फ किंवा दंतमंजन लावू नका. वीस मिनिटे नळाच्या गार पाण्याखाली धरा, आणि डॉक्टरांकडे न्या.