मदरसा, शादीखाना आणि आग: जबाबदारी कोणाची?

आग लागली की अग्निशमन दलाला बोलवायचं, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण गाडी पोहोचेपर्यंत आतली माणसं सुखरूप बाहेर पडली पाहिजेत. त्याची तयारी ठेवण्याची जबाबदारी कायद्याने इमारतीच्या मालकावर किंवा ती वापरणाऱ्यावर टाकली आहे. महाराष्ट्रात हा कायदा म्हणजे 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006'. मदरशाचं वसतिगृह असो की शादीखाना, उत्तर ट्रस्टींनाच द्यावं लागतं.

यंत्रणा एकदा बसवली की काम संपत नाही. परवानाधारक एजन्सीकडून ती तपासून घ्यावी लागते. ती चालू स्थितीत असल्याचा 'ब' नमुन्यातला दाखला दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन दलाकडे द्यायचा असतो. कायदा मोडल्यास कैद आणि दंडाची तरतूद आहे.

आम्हाला जास्त काळजी वाटते ती दारांची. मुलं झोपल्यावर वसतिगृहाला बाहेरून कुलूप, तरावीहच्या वेळी जिन्यात चपलांचे ढीग, अरुंद गल्लीत आडव्या लावलेल्या मोटारसायकली. हे सुधारायला पैसा लागत नाही.

जमातीच्या पुढच्या बैठकीत ट्रस्टींना दोनच प्रश्न विचारा. शेवटचा दाखला कधीचा आहे? आणि बाहेर पडायचं दुसरं दार रात्री उघडतं का? आपल्या इमारतीला कोणते नियम लागू आहेत, ते शहराच्या अग्निशमन केंद्रात विचारता येईल. आग लागल्यास फोन 101. हा नंबर मुलांनाही पाठ करून द्या.