अग्निशमन सेवेतील स्त्रियांचा सहभाग व समान संधी : धुळे शहराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
14 एप्रिल 1944 रोजी मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर भीषण स्फोट झाले. आग विझविताना 66 अग्निशामक जवानांनी प्राणार्पण केले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. शौर्याची ही परंपरा दीर्घकाळ केवळ पुरुषांचीच मानली गेली. ही मान्यता कामाच्या स्वरूपातून निर्माण झाली की निवडीच्या निकषांतून, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

वैधानिक पार्श्वभूमी :
भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 16 अन्वये सार्वजनिक सेवेत लिंगभेदास मनाई आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवेचा समावेश असून शहरांत ही सेवा प्रामुख्याने नागरी स्थानिक संस्थांकडे आहे. धुळे महानगरपालिका 2003 मध्ये अस्तित्वात आली. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत स्त्रियांसाठी 30 टक्के समांतर आरक्षणाचे धोरण आहे. म्हणजेच कायद्याने दार बंद केलेले नाही. अडथळे अन्यत्र शोधावे लागतात.

प्रवेशाचा इतिहास :
राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1956 मध्ये रामपूर येथे स्थापन झाले व पुढील वर्षी नागपूरला आले. तेथे पहिली विद्यार्थिनी दाखल झाली ती 2002 मध्ये. नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनी हा अभ्यासक्रम पूर्ण केला व 2006 मध्ये तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या अग्निशमन सेवेत प्रवेश केला. 2003 मध्ये तामिळनाडूत प्रिया रविचंद्रन व मीनाक्षी विजयकुमार यांची अधिकारीपदी नियुक्ती झाली. 2012 मध्ये चेन्नईतील एका ऐतिहासिक इमारतीची आग विझविताना प्रिया रविचंद्रन गंभीर भाजल्या. पुढे त्यांना राज्याचे शौर्यपदक मिळाले. स्त्रियांना हे काम झेपेल काय, या शंकेचे उत्तर अशा प्रत्यक्ष सेवेतून मिळाले आहे.

निकषांचा प्रश्न :
स्त्रियांना घ्यावयाचे तर निकष शिथिल करावे लागतील, असा आक्षेप घेतला जातो. या संदर्भात न्यूयॉर्क शहराचे उदाहरण उद्बोधक ठरते. तेथे 1978 च्या शारीरिक चाचणीत एकही स्त्री उत्तीर्ण झाली नाही. ब्रेंडा बर्कमन यांनी न्यायालयात दाद मागितली. चाचणीचा प्रत्यक्ष कामाशी पुरेसा संबंध सिद्ध होत नाही, असा निर्णय 1982 मध्ये झाला. सुधारित चाचणीनंतर त्याच वर्षी सुमारे 40 स्त्रिया दलात दाखल झाल्या. तात्पर्य, निकष कठोर असावा. परंतु तो कामाचाच असावा. पाण्याने भरलेला होज खेचणे, शिडी चढणे, बेशुद्ध व्यक्तीस बाहेर आणणे या क्षमता अनिवार्यच आहेत.

निकषाइतकीच त्याची अंमलबजावणीही महत्त्वाची आहे. 2023 च्या मुंबई अग्निशमन दलाच्या भरतीत स्त्रियांसाठी 162 सेंटिमीटर उंचीची अट होती. उंचीच्या मोजमापावरून दहिसर येथे अनेक उमेदवार मुलींनी आक्षेप घेतला व आंदोलन केले. मोजमाप पारदर्शक नसेल, तर पात्र उमेदवाराचाही व्यवस्थेवरील विश्वास ढळतो, हे या प्रसंगातून दिसून येते.

धुळ्याच्या दृष्टीने विचार :
पांझरेपलीकडील देवपूर परिसरात अनेक महाविद्यालये आहेत. तेथील विद्यार्थिनीस पोलीस भरतीची माहिती सहज मिळते. अग्निशमन सेवेची क्वचितच. अग्निशामक पदासाठी सामान्यतः राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम आधीच उत्तीर्ण असावा लागतो. घरापासून दूर राहण्याचा खर्च व कुटुंबाची संमती, या दोन्ही गोष्टी येथेच निर्णायक ठरतात. निवड झाल्यानंतर केंद्रात स्वतंत्र विश्रांतिकक्ष व स्वच्छतागृह, मापाचा गणवेश व गमबूट नसतील, तर आरक्षण कागदावरच राहते.

सर्वसमावेशकता केवळ स्त्री-पुरुषांपुरती मर्यादित नाही. 2011 च्या जनगणनेनुसार धुळे जिल्ह्यात जवळपास एकतृतीयांश लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिल्ल व पावरा समाजांच्या स्वतःच्या बोली आहेत, तर खेड्यापाड्यांत अहिराणी बोलली जाते. संकटसमयी भेदरलेला मनुष्य आपल्या बोलीतच बोलतो. ती समजणारा जवान दलात असणे ही कार्यक्षमतेचीच बाब होय. 31 ऑगस्ट 2019 रोजी शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथे रासायनिक कारखान्यात झालेल्या प्राणघातक स्फोटानंतर सक्षम मनुष्यबळाची निकड वेगळी सांगावयास नको.

समारोप :
पदाचे नाव 'फायरमन' असले, तरी मराठीतील 'अग्निशामक' हा शब्द स्त्री-पुरुष दोघांनाही सामावून घेतो. महाविद्यालयांनी माहिती व पूर्वतयारी, शासनाने प्रशिक्षणार्थींना निवास व अर्थसाहाय्य, तर महानगरपालिकेने केंद्रातील सुविधा पुरविल्यास हा अर्थ प्रत्यक्षात येऊ शकेल. समान संधी म्हणजे दर्जाशी तडजोड नव्हे. आजवर कसोटीपर्यंतच न पोहोचलेल्यांना त्या कसोटीस उतरू देणे होय.