मोहाची दारू, बिअर आणि मूत्रपिंडांचा जमाखर्च



वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर एखादा आरोग्यविषयक लेख देण्याचा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. यंदाचा विषय काहींना धर्मादाय संस्थेच्या पानांवर अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. तथापि घरी गाळलेल्या दारूचा मूत्रसंस्थेवर होणारा परिणाम हा गोंदिया जिल्ह्यापुरता तरी दुर्लक्षिण्याजोगा विषय नव्हे. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे; म्हणून प्रस्तुत मजकूर वैद्यकीय सहकाऱ्यांकडून तपासून घेतला आहे.

सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या वनव्याप्त तालुक्यांत फाल्गुन-चैत्रात मोहफुले वेचली जातात. वाळविलेल्या फुलांना अनेक कुटुंबांच्या वार्षिक मिळकतीत स्थान आहे, आणि गोंड समाजाच्या देवकार्यात मोहाच्या दारूला मान आहे. त्या परंपरेविषयी आम्हांस अनादर नाही. येथे प्रश्न आहे तो आरोग्याचा, आणि त्याहूनही अधिक एका गैरसमजाचा. ‘दारू प्यायल्याने लघवी साफ होते’, ‘बिअरने मुतखडा पडतो’ ही वाक्ये आमच्या बाह्यरुग्ण विभागात खेडुतांकडून आणि शहरी सुशिक्षितांकडूनही सारख्याच विश्वासाने ऐकावयास मिळतात.

लघवी वाढते, हे खरे आहे. मात्र ती का वाढते, हे पाहणे अगत्याचे आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक रक्तात येते. ‘पाणी राखून ठेवा’ हा त्याचा मूत्रपिंडांना निरोप असतो. मद्यार्क हा निरोपच थोपवून धरतो, आणि शरीराला हवे असलेले पाणीही वाहून जाते. साफसफाई अशी काही होत नाही.

हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर, अंगात पुरेसे पाणी असताना घेतलेल्या १० ग्रॅम मद्यार्कामागे ढोबळमानाने १०० मिलिलीटर लघवी जादा होते. ५ टक्के मद्यार्काच्या बिअरच्या ६५० मिलिलीटर बाटलीत सुमारे २६ ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे जमा ६५० आणि जादा खर्च २६०. हातभट्टीच्या दारूत मद्यार्क किती, हे बाटलीवर लिहिलेले नसते; पहिल्या धारेची तीव्रता निराळी, नंतरच्या धारेची निराळी. तो ३० टक्के धरला तरी १८० मिलिलीटरच्या एका पव्व्यात सुमारे ४३ ग्रॅम मद्यार्क जातो. जमा १८०, जादा खर्च ४३०. हे खाते तोट्याचे आहे. उन्हात घाम गाळून आलेल्या शरीरात लघवी इतकी वाढणार नाही, कारण तेथे शिल्लकच नसते. पण त्या शरीराला पाणी हवे होते आणि त्याला मिळाली दारू. आपल्याकडील मे महिन्याचे ऊन आणि रोवणीच्या दिवसांतले कष्ट ध्यानी घेतले म्हणजे याचे गांभीर्य कळेल.

आता मुतखड्याविषयी. बिअर घेणाऱ्यांत खड्यांचे प्रमाण कमी असल्याचे परदेशांतील काही पाहणींत दिसून आले आहे, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पण खडे टळण्यासाठी जे लागते ते पाणी. दिवसाकाठी दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके. ते विहिरीच्या पाण्याने, पातळ ताकाने वा लिंबूपाण्यानेही साधते. शिवाय बिअरने रक्तातील यूरिक आम्ल वाढते आणि त्याचेही खडे बनतात. आत अडकलेला खडा तर बिअरच्या जोराने मुळीच पडत नाही. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप उतरतात. त्याचे श्रेय आदल्या रात्रीच्या बाटलीला मिळते, इतकेच. मोठा खडा मूत्रवाहिनीत अडकला असता ‘उपाय चालू आहे’ म्हणून घरी थांबणाऱ्याचे मूत्रपिंड मात्र आतल्या आत फुगत राहते.

वयस्क पुरुषांची अडचण वेगळी आहे. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असताना रात्री दारू घेतली की मूत्राशय वेगाने भरते, गुंगीत जाणीव होत नाही आणि पहाटे लघवी पूर्णपणे कोंडते. पोटाच्या खालच्या भागात फुगवटा आणि असह्य वेदना घेऊन असे रुग्ण येतात. नळी घालताच त्यांना आराम पडतो. परंतु घरीच शेक देत वाट पाहण्यात वेळ गेला, तर दोन्ही मूत्रपिंडांवर दाब येतो.

पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण व वाहक मोठ्या संख्येने आहेत. सिकलसेलमध्ये लघवी घट्ट करून पाणी वाचविण्याची मूत्रपिंडांची शक्ती आधीच उणावलेली असते. त्यात दारूने शोष पडला की रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन वेदनेचा झटका येऊ शकतो. लाल लघवी तर वाहकांतही आढळते. ज्या घरात सिकलसेलचे कार्ड आहे, त्या घराने हा परिच्छेद दोनदा वाचावा.

भट्टीचा धोका येथेच संपत नाही. सडव्यात नवसागर घालण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. जुन्या रेडिएटरमधून वा डाग दिलेल्या धातूच्या नळीतून दारू गाळल्यास त्यात शिसे उतरते आणि ते वर्षानुवर्षे मूत्रपिंडे झिजविते. मिथेनॉल हे तर जहालच. ते मोहफुलातून नव्हे, तर बहुतेक वेळा नफ्यासाठी मिसळलेल्या औद्योगिक रसायनातून येते. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालाड-मालवणीत अशा दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. मिथेनॉलपासून शरीरात फॉर्मिक आम्ल बनते, दृष्टी जाते, रक्त आम्लधर्मी होते. अशा वेळी तातडीचे डायलिसिस प्राण वाचवू शकते. आणि रोजचा प्रकार म्हणजे दारूने अंग दुखते म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी. शोष पडलेल्या मूत्रपिंडांना ती फार जड जाते.

आम्हांस सर्वांत अधिक खंत वाटते ती दडवादडवीची. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये विनापरवाना दारू गाळणे हा गुन्हा असल्याने नातेवाईक ‘काही घेत नाहीत’ असे सांगतात, आणि डॉक्टरांचा बहुमोल वेळ भलत्या दिशेने जातो. विषबाधेच्या प्रकरणी पोलिसांना कळविणे रुग्णालयास भाग असते, हे खरे; परंतु नेहमीच्या तपासणीत ‘काय प्याले, किती आणि केव्हा’ हा प्रश्न केवळ उपचारासाठी विचारला जातो. पत्नीने वा मुलाने बाजूला येऊन सांगितले तरी चालेल.

सहा-आठ तास लघवी झाली नसल्यास, ती लाल किंवा चहाच्या रंगाची होत असल्यास, थंडी-तापासह कुशीत कळ येत असल्यास, अथवा दारूनंतर नजर धुरकट झाल्यास उजाडण्याची वाट पाहू नये. उरलेली दारू बाटलीत असेल तर ती, आणि घेतलेल्या गोळ्यांचे पाकीट, सोबत आणावे. खर्चाच्या भीतीने कोणी घरी थांबू नये. डायलिसिसचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे, आणि धर्मादाय रुग्णालयांतून निर्धन रुग्णांसाठी निधी व राखीव खाटांची तरतूद आहे. शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला घेऊन आमच्या समाजसेवा कक्षाकडे चौकशी करावी. कागदपत्रे हाताशी नसली तर रुग्णास आधी दाखल करावे, ती दुसऱ्या दिवशी आणली तरी चालतील.