पंपिंग किती, आणि जिवंत किती?

हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या घरात एक आकडा सगळ्यांना पाठ असतो. ‘पंपिंग पस्तीस आहे म्हणे,’ असं सांगताना घरच्यांचा आवाज खाली येतो, कारण मनात हिशेब शंभरपैकी पस्तीसचा असतो. शंभर टक्के पंपिंग कुणाचंच नसतं. हृदयाचा डावा खालचा कप्पा भरला की त्यातलं साधारण ५५ ते ७० टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं; ते निरोगी हृदय.

पण पस्तीस टक्केवाली दोन हृदयं एकसारखी असतीलच असं नाही. एकात स्नायूचा मोठा तुकडा मेलेला असतो. दुसऱ्यात तो जिवंत असतो, पण रक्तपुरवठा तुटल्याच्या धक्क्याने काही दिवस, कधी काही आठवडे, हलायचंच सोडतो. यूजीन ब्राउनवाल्ड आणि रॉबर्ट क्लोनर यांनी १९८२ मध्ये या बधिर स्नायूकडे लक्ष वेधलं. साध्या टू-डी इकोत दोन्ही सारखेच निपचित दिसतात.

एमआरआय इथे कामाला येतं. रुग्ण काही सेकंद श्वास रोखतो आणि ईसीजीच्या तालावर यंत्र धडधडत्या हृदयाचे एकाखाली एक छेद टिपतं. ते जोडून कप्प्याचं आकारमान थेट मोजता येतं, त्याचा आकार गृहीत धरावा लागत नाही. मग शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध देतात आणि दहा-पंधरा मिनिटं थांबतात. धडधाकट पेशींत ते शिरत नाही, त्यांच्यामधल्या जागेतून धुऊन जातं. मेलेल्या पेशींची आवरणं फुटलेली असतात. तिथे, आणि पुढे तयार होणाऱ्या व्रणातही, ते रेंगाळतं. चित्रात निरोगी स्नायू काळा, मेलेला पांढरा.

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या रेमंड किम आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये हे पडताळलं. बायपास किंवा अँजिओप्लास्टीआधी ज्या मंदावलेल्या भागांत पांढरेपणा नव्हता, त्यांतले ७८ टक्के नंतर सुधारले. जिथे भिंतीची पाऊणहून अधिक जाडी पांढरी होती, तिथे ५८ पैकी एकच भाग सुधारला! आइसलँडमधल्या ९३६ वृद्धांच्या तपासणीत तर १७ टक्के जणांच्या हृदयावर कधी लक्षातच न आलेल्या झटक्याचे व्रण सापडले. ईसीजीला त्यातले थोडेच दिसले होते.

तरीही जिवंत स्नायू दिसला की लगेच अँजिओप्लास्टी, हा सोपा हिशेब टिकलेला नाही. ब्रिटनमध्ये पंपिंग खूप कमी, पण जिवंत स्नायू शिल्लक असलेल्या ७०० रुग्णांवर चाचणी झाली. २०२२ मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षानुसार, औषधांच्या जोडीला अँजिओप्लास्टी केल्याने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणं कमी झालं नाही. एमआरआय नुकसान दाखवतं. उपाय डॉक्टरांनाच ठरवावा लागतो.

स्टेंट बसवलाय म्हणून एमआरआयला घाबरायचं कारण सहसा नसतं. पेसमेकर असेल किंवा मूत्रपिंडं अधू असतील, तर मात्र तपासणीआधीच सांगा.