वारीच्या वाटेवर पाणी आणि मीठ

दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव येथून श्री गजानन महाराजांची पालखी आषाढी एकादशीसाठी पंढरपूरकडे प्रस्थान ठेवते. अकोला, परभणी, परळी, सोलापूर या मार्गाने होणारा हा पायी प्रवास महिनाभर चालतो. विदर्भात या सुमारास बहुधा उन्हाचा कडाका कायम असतो. अशा वेळी वारकऱ्यांच्या शरीरातील पाणी आणि क्षार यांचा समतोल राखणे हा जीविताशी निगडित प्रश्न ठरतो. भर उन्हात शेतात राबणारे मजूर आणि मैदानावर सराव करणारे विद्यार्थी यांनाही हेच लागू पडते.

घाम म्हणजे केवळ पाणी नव्हे

उन्हात सतत चालणाऱ्या माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर, प्रसंगी त्याहूनही अधिक घाम येतो. घाम वाळताना शरीर थंड होते. परंतु प्रत्येक लिटर घामाबरोबर साधारणतः १ ते ४ ग्रॅम मीठही बाहेर पडते. अंगरख्यावर उमटणारे पांढरे डाग हे त्याचेच चिन्ह होय. शरीराच्या वजनाच्या २ टक्के पाणी कमी झाले, म्हणजे ५० किलो वजनाच्या माणसाने १ लिटर पाणी गमावले, की थकवा जाणवू लागतो. लघवी कमी व गडद पिवळी होणे, तोंड कोरडे पडणे, चक्कर येणे ही पुढची लक्षणे होत.

अति पाणीही घातक

तहान नसताना घटाघटा पाणी पीत राहणे हितावह आहे, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. घामावाटे मीठ गेलेले असताना केवळ साधे पाणी मोठ्या प्रमाणात घेतल्यास रक्तातील सोडियम पातळ होते. डोकेदुखी, मळमळ, हातापायांना सूज, गोंधळलेपणा आणि अखेरीस झटके अशी त्याची परिणती होऊ शकते. २००२ साली अमेरिकेतील बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासण्यात आले, तेव्हा १३ टक्के धावपटूंमध्ये सोडियमचे प्रमाण कमी आढळले. शर्यतीत ज्यांचे वजन घटण्याऐवजी वाढले आणि ज्यांना अंतर कापण्यास चार तासांहून अधिक वेळ लागला, त्यांच्यात हा धोका विशेष दिसून आला. संथ गतीने दिवसभर चालणाऱ्या वारकऱ्यांनीही यातून बोध घ्यावा. दर १५ ते २० मिनिटांनी तहानेप्रमाणे पेलाभर पाणी घ्यावे. तासाला एक लिटरहून अधिक पिऊ नये.

साखर-मिठाचे शास्त्र

१९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात बनगाव येथील निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे द्रावण अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोजचे पाणी तोंडाने देण्याचा मार्ग अवलंबिला आणि असंख्य प्राण वाचले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. या द्रावणातील साखर केवळ चवीसाठी नसते. आतड्यातील पेशी ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम शोषून घेतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी रक्तात जाते.

आरोग्य केंद्रात मिळणारे जलसंजीवनीचे पाकीट त्यावर छापलेल्या प्रमाणातील पाण्यातच विरघळवावे. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा असावा. मीठ किंवा साखर अंदाजाने वाढविल्यास अपाय होतो. नित्याच्या वाटचालीत मात्र भाजी-भाकरी, लोणचे, मीठ घातलेले ताक, लिंबाचे सरबत, कैरीचे पन्हे यांतून बहुतेकांची क्षारांची गरज भागते. उपवासाच्या दिवशी नुसत्या पाण्यावर मोठी मजल मारणे टाळावे. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मीठ-साखरेविषयी आधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

खारपाणपट्ट्याचा इशारा

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील बुलढाणा, अकोला व अमरावती जिल्ह्यांच्या मोठ्या भागात भूजल खारे आहे. खारे पाणी प्याल्याने घामातील क्षारांची भरपाई आपोआप होते, असे समजणे चुकीचे ठरेल. त्यातील क्षारांचे प्रमाण व प्रकार शरीराच्या गरजेशी जुळणारे नसतात. पिण्यासाठी आणि जलसंजीवनीसाठी गोडे, शुद्ध पाणीच वापरले पाहिजे.

ग्रामपंचायतींचे व शाळांचे कार्य

मार्गावरील ग्रामपंचायतींनी मुक्कामाच्या व विसाव्याच्या ठिकाणी सावली, निर्जंतुक केलेले पाणी, ताक आणि जलसंजीवनीची पाकिटे यांची आगाऊ तजवीज करावी. शिक्षकांनी द्रावण तयार करण्याचे प्रात्यक्षिक विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. मुलांमार्फत ही माहिती घरोघरी पोहोचते.

उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागल्यास, अंग तापून शुद्ध हरपल्यास तो उष्माघात समजावा. रुग्णास सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी कधीही ओतू नये. सेवाभावाला या ज्ञानाची जोड मिळाल्यास वारीच्या वाटेवरील अनेक अनर्थ टळतील.