रबराखालचं लाकूड

टेबल टेनिसची बॅट आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी हातात धरलेली असते. शाळेत, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, नाहीतर कॉलेजच्या जिमखान्यात. तिच्याकडे पाहिलं की डोळ्यांत भरतं ते रबर. एका बाजूला काळं, दुसऱ्या बाजूला लाल. २०२१ पासून लालऐवजी गुलाबी, जांभळा, हिरवा किंवा निळा रंगही चालतो. पण या रबराखाली एक लाकडी फळी असते. तिला ब्लेड म्हणतात. आपल्याकडचे बरेच खेळाडू सरळ ‘प्लाय’ म्हणतात. रबर झिजतं, बदललं जातं. फळी मात्र वर्षानुवर्षं तीच राहते. आज बोलायचं आहे ते या फळीबद्दल.

कवीला हा उद्योग कशाला, असं कुणी विचारील. बी.ए.च्या वर्षांत मी कवितेच्या वहीइतकाच वेळ टेबल टेनिसच्या टेबलापाशी काढला, हे एक कारण. दुसरं असं की, या फळीचा स्वभाव तिच्या आवाजातून कळतो, आणि आवाज हा आम्हा कवींच्या रोजच्या व्यवहारातला विषय आहे.

आधी तिची घडण पाहू. साधी फळी पाच थरांची असते. मधला थर सर्वांत जाड. तो बहुधा आयूस नावाच्या हलक्या आफ्रिकी लाकडाचा असतो. त्याच्या दोन्ही अंगांना एकेक पातळ थर, आणि त्यांच्यावर बाहेरचा एकेक थर. मधल्या लाकडाच्या रेषा मुठीच्या दिशेने उभ्या, त्याच्यावरच्या थराच्या आडव्या, बाहेरच्या पुन्हा उभ्या. असं आडवं-उभं चिकटवल्यामुळे फळी फाटत नाही आणि वाकडी होत नाही. सगळं मिळून जाडी साधारण साडेपाच ते सहा मिलिमीटर आणि वजन ऐंशी-नव्वद ग्रॅम.

आता चेंडू येतो. चेंडूचं वजन २.७ ग्रॅम, व्यास ४० मिलिमीटर. बॅटवर तो टेकतो आणि निघून जातो. या भेटीला लागणारा वेळ आहे सेकंदाचा सुमारे हजारावा भाग. तेवढ्यात काय काय घडतं पाहा. फटका हलका असेल, तर चेंडू रबरात आणि त्याखालच्या स्पंजातच थोडा रुततो आणि परत फिरतो. लाकूड जवळजवळ झोपलेलंच राहतं. फटका जोराचा असेल, तर स्पंज पूर्ण दाबला जातो आणि मग खालचं लाकूड कामाला लागतं. ते किंचित वाकतं आणि थरथरतं. म्हणून दुकानात नुसता चेंडू उडवून फळीची परीक्षा होत नाही. ती खरी कळते जोराच्या टॉपस्पिनला.

लाकूड जितकं जास्त वाकेल आणि थरथरेल, तितकी चेंडूची ताकद त्या थरथरण्यात खर्च होते आणि चेंडू मंद परततो. फळी ताठ असेल, तर खर्च कमी आणि चेंडू वेगाने सुटतो. ‘फास्ट’ आणि ‘स्लो’ या शब्दांचा अर्थ एवढाच. ताठपणा मुख्यतः जाडीवर ठरतो आणि तोही साध्या हिशोबाने नाही. लाकूड तेच ठेवून जाडी साडेपाचाची सहा मिलिमीटर केली, तर ताठपणा जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढतो. अर्ध्या मिलिमीटरची किंमत एवढी!

माझे चाचा लाकडाच्या वखारीत कामाला होते. सागाची फळी उचलली की ते बोटाच्या पेराने ती ठोकत आणि कान जवळ नेत. आतून चिरलेली फळी बद्द वाजते, धडधाकट फळी खणखणीत. टेबल टेनिसचे जाणते खेळाडू हेच करतात. रबर लावण्याआधी फळीवर चेंडू आपटून ऐकतात. आवाज चढा असेल तर फळी ताठ आणि वेगवान, खर्जातला असेल तर मऊ. मोजपट्टी नसली तरी कान फारसा फसवत नाही.

हा आवाज खेळात किती महत्त्वाचा, हे जगाला कळलं ते आपल्या मुंबईत. १९५२च्या फेब्रुवारीत तिथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली होती. तोपर्यंत बॅटला दाणेदार रबर असे आणि चेंडू लागला की टॉक असा स्वच्छ आवाज येई. त्या आवाजावरून समोरच्याने किती जोर लावला, ते खेळाडू ओळखत. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. तिचा आवाजच येईना! टाळ्यांचा ठेका चुकावा तशी भल्याभल्यांची लय चुकली. सातोने पुरुष एकेरीचं विजेतेपद मिळवलं. पुढे १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने नुसत्या स्पंजावर बंदी घातली आणि स्पंजासह रबराची जाडी जास्तीत जास्त चार मिलिमीटर ठरवली. अशा रीतीने रबराला लगाम बसला.

लाकडालाही नियम आहे. फळी सपाट आणि ताठ हवी. आकार, वजन कितीही चालेल. मात्र तिच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचाच पाहिजे. चिकटवणीच्या थरात कार्बनचे किंवा काचेचे तंतू घालता येतात. पण असा एकेक थर एकूण जाडीच्या साडेसात टक्के किंवा ०.३५ मिलिमीटर, यांपैकी जे कमी असेल त्याहून जाड नको. कागदाएवढा हा थर. पण त्याचं काम मोठं. तो बाहेरच्या लाकडाला लागून असेल तर फळी बरीच ताठ होते. आत मधल्या लाकडाजवळ असेल, तर हलक्या फटक्याला ती लाकडासारखी वागते आणि जोराच्या फटक्याला वेग देते. शिवाय चेंडू कडेकडे लागला तरी फटका फार मेल्यासारखा होत नाही. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारा चीनचा झांग जिके कार्बनमिश्रित तंतूंच्या फळीने खेळत असे. उलट, २००४ मध्ये अथेन्सचं सुवर्ण जिंकणारा कोरियाचा र्‍यू सुंग-मिन याची फळी हिनोकी या जपानी सुरूजातीच्या लाकडाच्या एकाच जाड थराची होती. तेव्हा उत्तम फळी एकच असते, असं नाही.

हे सगळं सांगण्यामागे एक घरगुती गोष्ट आहे. माझी भाची अकरा वर्षांची. नुकती तालुक्याच्या स्पर्धेत खेळू लागली आहे. तिला हवी होती कार्बनची फळी, कारण मोठ्या मुलींकडे तीच आहे. माझे मेव्हणे एसटीत वाहक. फळीची किंमत ऐकून ते गप्प झाले; पण लेकीसाठी पैसे काढायला तयार होते. भाची मला म्हणाली, “मामू, तुम्ही अब्बूंना सांगा ना, महाग असते तीच चांगली असते.” आम्ही तिच्या प्रशिक्षकांकडे गेलो. त्यांनी तिच्या हातात पाच थरांची साधी लाकडी फळी दिली आणि म्हणाले, “दोन वर्षं हीच.”

कारण त्यांनी नीट समजावलं. टॉपस्पिन शिकताना हात मागून पुढे पूर्ण यावा लागतो. फळी फार वेगवान असली की चेंडू टेबलाबाहेर जातो. मूल घाबरतं. हात आखडता घेतं. चेंडू टेबलावर पडतो खरा, पण अर्धवट फटक्याची सवय हाडात मुरते आणि मग ती मोडायला वर्षं लागतात. मऊ फळी मुलाला म्हणते, मार बिनधास्त, मी सांभाळते. पूर्ण फटका मारण्याचं धाडस तिथे तयार होतं. मेव्हण्यांचे पैसे वाचले, ही गोष्ट छोटी नव्हे. पण त्याहून मोठं काही त्या मुलीचं वाचलं.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी उमगली. चेंडू सेकंदाच्या हजाराव्या भागात निघून जातो. फळीची थरथर मुठीतून बोटांना कळते, तेव्हा चेंडू कधीच सुटलेला असतो. म्हणजे ती बातमी त्या चेंडूच्या उपयोगाची नसते. ती पुढच्या चेंडूसाठी असते. चेंडू मधोमध लागला की कडेला, जोर कमी पडला की जास्त, हे फळी हाताला सांगत राहते आणि हात हळूहळू शहाणा होतो. फार ताठ फळी फार कमी सांगते. शिकणाऱ्याला बोलकी फळी हवी. मुरलेल्याला अबोल चालते, कारण त्याचं ऐकून झालेलं असतं.

घरात कुणी खेळणारं असेल, तर एवढं पाहा. सुरुवातीला पाच थरांची लाकडी, मध्यम वेगाची फळी घ्या. हात लहान असेल, तर वजन पंच्याऐंशी ग्रॅमच्या आसपास ठेवा. रबर लावल्यावर ते दुपटीहून थोडं जास्तच होतं. रबर काढताना लाकडाचे तंतू निघू नयेत म्हणून पृष्ठभागावर वॉर्निशचा एक पातळ हात द्या. मूठ मात्र कोरी ठेवा, तिला घाम टिपू द्या. पावसाळ्यात बॅट कोरड्या पिशवीत ठेवा, कारण लाकूड दमट हवा पितं, जड होतं आणि त्याचा आवाज बसतो. उन्हात तापलेल्या गाडीतही ती ठेवू नका.

आणि विकत घेण्याआधी एकदा चेंडू आपटून ऐका. मुलालाही ऐकू द्या. किमतीची चिठ्ठी नंतर वाचता येते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)